छत्तीस सकाळी

मोहिनीने कॅमेऱ्याची पाठ उघडली, रोल डावीकडच्या खोबणीत बसवला आणि फिल्मची जीभ ओढून उजवीकडच्या फिरकीच्या फटीत खोचली. पलंगावर पालथी पडलेली निकू नेमकी त्याच वेळी कडेला सरकली. मोहिनीने कोपराने तिला आत लोटलं. त्या हालचालीत जीभ फटीतून निसटली आणि फिरकीवर नुसतीच टेकून राहिली, कडी न घातलेल्या दारासारखी.

ते तिला दिसलं.

"झालं का गं?" खंडेराव दारात वाकून कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या बांधत होता. "ऊन वर आलं की फोटोत मजा राहत नाही म्हणतात."

उजेडाबद्दलची ही गोष्ट तो तिला सांगत होता.

"झालं," ती म्हणाली आणि तिने पाठ टक् करून मिटली.

बाहेरच्या खोलीत सासूबाई, बयाबाई, घटस्थापनेसाठी परडीत माती चाळत बसल्या होत्या. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या आपल्या मुलाला त्यांनी खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आन् किती दिस चालायचं हे?"

"छत्तीस. रोलमध्ये छत्तीस फोटो असतात. रोज चालायचं, रोज एक काढायचा. दुसरा नाही."

"छत्तीसच का रं? नवराबायकूच्या घरात बरा नाय तो आकडा."

खंडेराव हसला आणि जिना उतरला. मोहिनी खिडकीशी गेली. कोपऱ्यावरच्या कडुनिंबापाशी तो थांबला, कॅमेरा डोळ्याला लावला, मग काहीच न काढता खाली घेतला आणि गाव गंगा म्हणतं त्या नदीच्या दिशेने चालू लागला. हाक मारली असती तर पोहोचली असती. निकू रडायला लागली होती, एवढं निमित्त तिला पुरलं.

कॅमेरा तिचा होता. नदीच्या पलीकडे, दहीपुलाजवळ तिच्या वडिलांचा, जयरामांचा, फोटो स्टुडिओ होता. सोळाव्या वर्षापासून ती तिथे उभी असायची. लग्नाच्या ऑर्डरी आल्या की बायकांकडचे फोटो तिचेच. नवरीच्या खोलीत, हळदीला, बांगड्या भरताना पुरुष फोटोग्राफर कुणाला चालायचा नाही, तिथे जयरामांची पोर बिनधास्त शिरायची. वडिलांनी तिला दोनच गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. रोल भरल्यावर चाप ओढताना डावीकडची चकती फिरते का ते बघ. नाही फिरली तर तू नुसती हवा ओढते आहेस. आणि सकाळी, संध्याकाळी सूर्य पाठीशी घेतलास की आधी पायाशी बघ. आपली सावली दुसऱ्याच्या फोटोत शिरता कामा नये. पहिली गोष्ट ती कधी चुकली नाही. दुसरी तिला कधी जमली नाही. चौकटीतल्या माणसात ती इतकी हरवायची की पायाशी बघायचं राहूनच जायचं. कुठल्याशा मुंजीच्या फोटोत कोपऱ्यात तिची वेणी पडलेली, कुठे दंडावरची पिशवी. गल्लीत म्हणायचे, अंगणात वेणी दिसली की समजावं, फोटो जयरामच्या पोरीने काढलाय.

लग्नात वडिलांनी हा कॅमेरा तिच्या हातात ठेवला. "भांडी काय, सगळेच देतात," एवढंच म्हणाले. वर्षभर तो चालला. मग निकू झाली, आणि कॅमेरा कपाटात साड्यांच्या मधोमध, मऊ धोतराच्या फडक्यात, ओल धरू नये म्हणून तांदळाच्या पुरचुंडीसोबत जाऊन बसला. नऊ महिने झाले त्याला.

आणि भाद्रपदात डॉक्टरांनी खंडेरावला सांगितलं, वजन उतरवा, रोज तासभर चाला. पाटबंधारे खात्यातली खुर्चीची नोकरी, दुसरं काय होणार. "नुसतं चालणं कंटाळवाणं आहे गं," तो म्हणाला होता. "तुझा कॅमेरा पडूनच आहे. नेऊ का?"

"न्या की," ती म्हणाली होती. त्या दोन शब्दांत काय काय होतं ते त्याला ऐकू आलं नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांकडून काळा-पांढरा रोल आणला. शिकायचं तर काळ्या-पांढऱ्यात, असं म्हणे ते म्हणाले.

तिच्यासाठी इतक्या दिवसांत कुणी रोल आणला नव्हता.

साडेसातला तो परत आला, घामेजलेला, खूश. ओट्याशेजारी पाटावर बसून चहा घेता घेता त्याने पहिला फोटो सांगितला. नारोशंकराच्या देवळापाशी एक म्हातारा स्वतः एक बिस्किट खात होता, कुत्र्याला एक देत होता. कुत्रा आपली पाळी येईपर्यंत थांबत होता.

"उजेड कुठून होता?" मोहिनीने विचारलं.

खंडेराव विचारात पडला. "समोरून असावा. की मागून? बघितलंच नाही."

तिने चुलीकडे तोंड फिरवलं. बरं झालं, तिच्या मनात आलं. काहीच नाहीये तिथे. ना म्हातारा, ना कुत्रा.

त्या दिवशी दुपारी कॅमेरा घरातच होता. पाठ उघडायची, जीभ पुन्हा खोचायची, दोन मिनिटांचं काम. उद्या करू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्याने भांडी बाजारातलं शटर सांगितलं. अर्धं वर गेलेलं, आतल्या पितळी हंड्यांत ऊन शिरलेलं. चौथ्या दिवशी घाटावरचा बुधवारचा बाजार, मिरच्यांच्या ढिगाआड झोपलेलं तान्हं. तो सांगत होता आणि ती निकूचं लंगोट बदलत होती, दुधावर लक्ष ठेवत होती, सासूबाईंना पाणी देत होती. ज्या तासाला तो पुलावर रेलून उभा असायचा, तो तास एकेकाळी तिचा होता. आता त्याच तासाला निकू अंगावर प्यायची आणि मोहिनी भिंतीवरच्या पालीशी नजरानजर करत बसायची. दोन मिनिटांचं काम रोज दुसऱ्या दिवसावर गेलं.

तो काय घेऊन गेला, एवढ्यानेच तिचा जीव जळत नव्हता. तो काय घेऊन येतो, त्याने जास्त जळत होता. दसऱ्याला त्याने सांगितलं, दहीपुलाच्या स्टँडवर एक रिक्षावाला झेंडूच्या माळेखाली झोपलेला, माळेचं शेवटचं फूल त्याच्या नाकाला टेकलेलं. श्वासाबरोबर ते फूल हलत होतं. "ते स्थिर होईपर्यंत थांबलो," तो म्हणाला. "उजेड डावीकडून होता," हेही त्याने न विचारता सांगितलं.

शेजारच्या वत्सलाकाकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "अगं बाई, खंडेराव! तुमच्यात हा गुण आहे हे माहीत नव्हतं हो. मोहिनी, तू पण काढायचीस ना पूर्वी?"

"पूर्वी," मोहिनी म्हणाली.

विसाव्या दिवशी तो उशिरा आला. पाटावर बसून चष्मा पुसू लागला.

"आज काहीच मिळेना. सगळा घाट हिंडलो. शेवटी जिथे काही नव्हतं, तिथलाच काढला. यशवंत महाराज पटांगण. साफ रिकामं. मधोमध कुणाची तरी एकच चप्पल."

मोहिनीच्या हातातली साखरेची वाटी कलली. तिला ते डोळ्यांपुढे दिसलं. अख्खं पटांगण, झाडून गेलेलं, तिरपं ऊन, आणि ती एक चप्पल. सात वर्षं स्टुडिओत काढून असा फोटो तिला कधी सुचला नव्हता. ती नेहमी माणसं शोधायची. हा माणूस, ज्याला तीन आठवड्यांपूर्वी ऊन समोर आहे की मागे हे कळत नव्हतं, तो माणूस निघून गेल्यावरची जागा बघायला लागला होता.

"कसा वाटतो?" त्याने विचारलं.

"बघू ना, आल्यावर," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. तिच्या हातून त्याच्या कपात साखर दोनदा पडली. त्या दुपारी तिने कॅमेरा कपाटातून काढला, मांडीवर घेतला. तो फोटो नाही. जगात कुठेच नाही, आणि ते तिच्यामुळे. तिला वाटलं होतं याचा आनंद होईल. झालाही, थोडा. मग तिने कॅमेरा पुन्हा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला.

आता जीभ खोचून काय उपयोग होता? पाठ उघडली की फोटो मोजणारा आकडा शून्यावर जाणार, त्याला कळणार. आणि तो काय विचारणार हे तिला माहीत होतं. रागावला असता तर बरं. तो नुसतं विचारेल, "तुला दिसलं होतं?"

दिवाळी आली, गेली. भाऊबीजेला दोन्ही नणंदा इकडे येणार म्हणून मोहिनीचं माहेरी जाणं पुढे ढकललेलं होतं. छत्तिसावा फोटो काढून झाला त्याच दिवशी ती निघणार होती. खंडेरावने कॅमेरा स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातला.

"रोल तूच काढ बाई. माझ्या हातून उजेड लागायचा. बाबांना दे, आणि त्यांना म्हणावं, घाई नाही. त्रिपुरी पौर्णिमेला तुला न्यायला येईन, तेव्हाच बघू." मग थोडं थांबून, लाजल्यासारखं, "सगळे नाही आले तरी चालेल. ती चप्पल आली पाहिजे."

माहेरच्या माडीवर जाऊन तिने कॅमेऱ्याची पाठ उघडली. जीभ जशीच्या तशी फिरकीवर टेकलेली होती. तिने ती फटीत खोचली, चाप ओढला, डावी चकती फिरली. छत्तीस फोटो पुन्हा काढायचे होते आणि हातात आठ सकाळी. कुठला फोटो कुठे, काय, उजेड कुठून, हे तिने कधी लिहून ठेवलं नव्हतं. लागलंच नाही. जळत्या जिवाने ऐकलेलं काही विसरलं जात नाही.

निकू सहाला उठायची आणि इथल्या आजीकडे दोन मिनिटं राहायची नाही. मग तिला कुंची बांधायची, काखेला मारायची आणि निघायचं. सकाळी आता चांगलं गार पडायला लागलं होतं. वडील स्टुडिओचं कुलूप उघडत असायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुणाचा रोल आहे?"

"यांचा. थोडा राहिलाय."

जयरामांनी नुसतं तिच्या पायांकडे पाहिलं.

भांडी बाजारातलं शटर सोपं होतं. दुकानदार ओळखीचा, दोनदा अर्ध्यावर धरून उभा राहिला. नारोशंकरापाशी कुत्रा होता, म्हातारा नव्हता. दुसरा एक म्हातारा बिस्किटाच्या पुड्यावर कबूल झाला, पण अर्धी बिस्किटं त्यानेच खाल्ली. दहीपुलाच्या स्टँडवर एका रिक्षेला दसऱ्याची माळ अजून लटकत होती, वाळून काळी पडलेली.

"दादा, जरा झोपता का?"

रिक्षावाल्याने तिच्याकडे, मग काखेतल्या पोरीकडे पाहिलं. "आत्ता? ताई, बोहनी व्हायचीय अजून."

"डोळे मिटा नुसते. माळेखाली डोकं घ्या."

"बायकोला दाखवू नका म्हंजे झालं. ती म्हणते झोपाच काढता दिवसभर." त्याने डोळे मिटले. फूल नाकाला टेकलं आणि तो शिंकला. निकू खदखदून हसली. मोहिनीही हसली, आणि हसता हसता तिला जाणवलं, की किती महिन्यांनी आपण सकाळी सातला रस्त्यावर आहोत.

पटांगणावर ती तिसऱ्या दिवशी गेली. रिकामं पटांगण मिळालं, चप्पल मिळेना. शेवटी तिने आपलीच उजव्या पायाची काढून मधोमध ठेवली आणि एका पायाने अनवाणी अशी लांब जाऊन उभी राहिली. फोटो काढला तेव्हा तिला कळलं, हा फोटो तिचा नव्हता आणि कधीच होणार नव्हता. तिने फक्त तो काढला होता. परत जाऊन चप्पल घालताना तिने पाय जरा जोरातच सरकवला.

शेवटच्या दिवशी सहा उरले होते. त्यांतला एक फुलवालीचा. रामकुंडाच्या वरच्या पायऱ्यांवर बसणारी म्हातारी, दाताने दोरा तोडताना. हा त्याचा बारावा. म्हातारी जागेवरच होती. चिमणाबाई तिचं नाव.

"आधी काढलाय की माझा," ती म्हणाली. "त्या चष्मेवाल्यानं."

"तो बिघडला, मावशी."

"कोनी बिघडवला?"

मोहिनीने निकूला दुसऱ्या काखेवर घेतलं.

"तू त्याची बायकू हाय जनू."

"कशावरून?"

"त्यो सांगायचा ना. लय येळ हिंडायचा इथं. डोळ्याला लावायचा, खाली घ्यायचा. म्या म्हनलं, काढ की रं बाबा एकदाचा, हात दुखला आसंल. तर म्हनला, मावशी, एकच काढायचा असतो, आन् घरी जाऊन सांगावा लागतो. घरी मास्तरीन हाय. उजेड कुठून व्हता म्हनून इचारती. नाय आवडला तर चुलीकडं तोंड फिरवती."

मोहिनीने विचारलं, "आणि आवडला तर?"

"म्या बी हेच इचारलं." चिमणाबाईने माळेतलं पान सरळ केलं. "म्हनला, तवा बी चुलीकडंच तोंड फिरवती. पर चहात साखर जास्ती पडती."

घाटावर कुणीतरी पहिली घंटा वाजवली. मोहिनी कॅमेरा डोळ्याशी नेत होती, पण चौकट एकदम पुसट दिसायला लागली. तिने पदराने आधी डोळे पुसले, मग उगाचच काचही पुसली.

"तोडा ना दोरा, मावशी."

"तोडते. तू रडू नको, फोटू हालंल."

चिमणाबाईने दोरा दातात धरला. मोहिनीने बटण दाबलं. पायाशी बघायचं राहून गेलं.

त्रिपुरी पौर्णिमेला खंडेराव ऑफिसातून परस्पर दहीपुलाला आला. जयरामांनी पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. मोहिनी निकूला मांडीवर घेऊन बाकावर बसली होती.

"जावईबापू, चांगले आलेत," जयराम म्हणाले. ते मुलीकडे बघत नव्हते. "काही काही तर फार चांगले. एकच सांगतो. सकाळी सूर्य पाठीशी असला की सावलीकडे लक्ष ठेवा. आमच्या घरातही कुणाकुणाला ते कधी जमलं नाही."

खंडेराव एकेक फोटो बघत गेला. हसत होता, मान हलवत होता. शटर, हंडे, कुत्रा. मग म्हातारा बघून त्याची मान थांबली. चपलेच्या फोटोवर तो बराच वेळ थांबला. पुढे एका फोटोपाशी आला आणि अगदी स्थिर झाला. त्याने तो दिव्याखाली धरला. मोहिनीला तिथून फक्त फोटोची पांढरी पाठ दिसत होती. तिने निकूच्या कुंचीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. त्याने तो फोटो गठ्ठ्यात परत ठेवला नाही. शर्टाच्या खिशात घातला.

येताना रिक्षा पुलावरून गेली. खाली गंगेत दिवे सोडले होते. तिला वाटलं आता विचारेल, आता विचारेल. त्याने निकूला दिवे दाखवले.

घरी आल्यावर वत्सलाकाकू हजर होत्याच. फोटो पलंगावर मांडले गेले.

"खंडू, हे समदे तू काढले?" बयाबाईंनी विचारलं.

"घरच्याच कॅमेऱ्यातले आहेत, आई."

"काय नजर आहे हो!" वत्सलाकाकूंनी हंड्यांचा फोटो उचलला. "हे ऊन कसं धरलंय बघा! बाईमाणसाला नाही सुचायचं हे. मोहिनी, शिकून घे गं यांच्याकडून."

मोहिनीच्या कानशिलांवरून गरम काहीतरी गेलं. ते ऊन तिने धरलं होतं. त्यासाठी दुकानदाराला दोनदा शटर धरायला लावलं होतं, दुसऱ्या हातावर नऊ किलोंची पोर होती. आणि हे ती जन्मात कुणाला सांगू शकणार नव्हती. महिनाभर त्याच्या नसलेल्या फोटोंवर जळली, आता स्वतःच्याच असलेल्यांवर जळायची पाळी आली होती. तिने खंडेरावकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. पाहता पाहता त्याने नजर वळवली.

बयाबाई फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. "खंडू, ही चप्पल आपल्या मोहिनीच्या चपलेसारखी दिसती रं. अंगठ्याला सांधलेली."

खंडेरावने फोटोसाठी हात पुढे केला.

"मोच्याकडून सांधून घेतली की सगळ्या चपला सारख्याच दिसतात, आई," खंडेराव म्हणाला. "द्या इकडे, बोटांचे डाग पडतील."

रात्री निकू झोपल्यावर तिने तोंड उघडलं होतं. "अहो, तो रोल..."

"झोप आता," तो म्हणाला. "सकाळी बोलू." आवाजात राग होता की नाही, हे अंधारात कळलं नाही.

सकाळी तिला जाग आली ती भांड्याच्या आवाजाने. बाहेर नुकतं फटफटत होतं. पलंगावर निकू नव्हती. मोहिनी उठून स्वयंपाकघरात आली. खंडेराव पाटावर बसला होता, मांडीवर निकू, समोर दोन कप. पाटाजवळ कॅमेरा, आणि त्याच्या शेजारी एक नवा रोल, डबीचं झाकणही न काढलेला. काल स्टुडिओतून निघताना तो पाच मिनिटं मागे राहिला होता, ते यासाठी.

कॅनव्हासचे बूट दारामागे तसेच होते. त्याने ते घातले नव्हते.

"चहा घे."

तिने एक घोट घेतला. साखर दोनदा पडली होती.

तिने कप खाली ठेवला. त्याच्याकडे बघायचं धाडस तिला होईना, म्हणून ती कपाकडेच बघत राहिली.

"रोल भर," तो म्हणाला. "मला बघायचंय कसा भरतात."

तिने पाठ उघडली. रोल खोबणीत बसवला. जीभ ओढून फटीत खोचली, आणि बोटाने दाबून धरली. तो वाकून बघत होता, निकूही बघत होती. तिने पाठ मिटली. चाप ओढला. डावीकडची चकती हळूच अर्धा वळसा फिरली.

"ही फिरते," तो म्हणाला.

"फिरायला पाहिजे."

"माझ्या वेळी नव्हती फिरत." त्याने चकतीवरून बोट फिरवलं. "मला वाटलं, अशीच असते."

मोहिनीच्या ओठांपर्यंत शब्द आले. त्याने तेवढ्यात शर्टाच्या खिशातून फोटो काढून पाटावर ठेवला. चिमणाबाई दातात दोरा धरून बसलेली, टोपलीत फुलं. आणि टोपलीवरून पायऱ्यांवर उतरत गेलेली लांब सावली: एक बाई, तिचं एक कोपर वर, दुसऱ्या काखेपाशी एक छोटं डोकं, डोक्यावरच्या कुंचीचं टोक स्पष्ट.

फोटो कुठल्या सकाळचा होता, हे सावलीनेच सांगून टाकलं होतं.

बाहेर कोपऱ्यावरचा कडुनिंब उजळायला लागला होता. खंडेरावने कॅमेऱ्याचा पट्टा उचलून तिच्या गळ्यात घातला आणि वेणी पट्ट्यात अडकली होती ती सोडवली. ते बघून निकूने दोन्ही हात आईकडे केले, पट्टा गळ्यात पडला की बाहेर जायचं, अशी तिला सवय झाली होती. मोहिनी तिला घ्यायला वाकली.

"ती राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला. "तुझ्याबरोबर आली की फोटोत शिरते."